माथेरानचा मॅलेट, पुण्याचा मॅलेट आणि शेप्टन मॅलेट: एकाच आडनावाचा माग काढताना

माथेरानची माहिती वाचताना ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे नाव भेटतंच. ठाण्याचा हा कलेक्टर मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढला आणि पुढे तिथल्या एका झऱ्यालाही त्याचं नाव लागलं. पेशवाईत चार्ल्स वॉर मॅलेट आहे, १७८६ पासून पुणे दरबारातला कंपनीचा रेसिडेंट. लंडनला शिकायला गेलेली मराठी मुलं ज्या रस्त्याने सेनेट हाउसला, म्हणजे लंडन विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला जातात, तो मॅलेट स्ट्रीट. आणि इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट अशी दोन गावं आहेत. या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कागदावर मांडण्याचं काम मी पूर्ण केलं. त्याची पद्धत आणि त्यातले खड्डे इथे देतो.

पहिली पायरी स्पेलिंगची. गावांच्या नावात ‘एल’ दोनदा येतो. पुण्याचा रेसिडेंट, त्याचं घराणं आणि लंडनचा रस्ता यांच्या नावात एकदाच. जुन्या कागदांत मात्र दोन्ही रूपं बिनदिक्कत एकमेकांच्या जागी येतात, म्हणून प्रत्येक शोध दोनदा करावा लागतो. नुसतं आडनाव टाकलं की लाकडी हातोडा येतो आणि जोडइंजिनाच्या आगगाड्या येतात (तो मॅलेट स्वित्झर्लंडचा). आडनावासोबत गाव किंवा परगणा टाकल्यावर हा कचरा बराच कमी होतो.

दुसरी पायरी, गाव आधी की माणूस आधी. शेप्टन म्हणजे मेंढ्यांचा वाडा. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, हे गाव ‘सेपेटोन’ म्हणून येतं, त्यात मॅलेट नाही. तेव्हा जमीन ग्लॅस्टनबरीच्या मठाची होती आणि मठाच्या हाताखाली ती रॉजर द कुर्सेल याच्याकडे होती. त्याच परगण्यात शेप्टन माँटेग्यू आणि शेप्टन बोशाँ ही गावंही आहेत. एकाच नावाची गावं ओळखू यावीत म्हणून मालकाचं आडनाव शेपटासारखं जोडायची ती रीत. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द लावतात, तिथे जमीनदार लावला. म्हणजे गावावरून माणसाचं नाव आलं नाही, माणसावरून गावाचं आलं. हे आधी पक्कं केलं नाही तर ‘हे लोक मूळचे शेप्टन मॅलेटचे’ असं उलटंच वाक्य लिहून बसाल.

इथेच पहिला मोठा खड्डा आहे. डूम्सडेत मॅलेट शोधलं तर रॉबर्ट मॅलेट सापडतो, पण सॉमरसेटात नाही, पूर्वेकडच्या सफोक परगण्यात, तेही दोनशेहून जास्त नोंदींत. त्याचा बाप विल्यम हा १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत (फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं ती) होता आणि सफोकमधल्या आय गावचा किल्ला त्याने बांधला. जुन्या छापील वंशावळी या सफोकच्या शाखेला सॉमरसेटच्या मॅलेटांशी एका रेघेने जोडून मोकळ्या होतात. मी तिथे तुटक रेघ ठेवली. आडनाव एक, काळ एक आणि दोघेही नॉर्मन, एवढ्यावर बाप-मुलगा ठरत नाही.

सॉमरसेटात पक्की जमीन लागते ती १२१५ ला. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, पाळला जातो की नाही हे पाहायला नेमलेल्या २५ सरदारांत करी मॅलेट आणि शेप्टन मॅलेटचा धनी विल्यम मॅलेट होता. त्याला मागे मुलीच राहिल्या. त्यातली हेलविस हिने ह्यू पॉइंट्झ नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि करी मॅलेटचा वाटा पॉइंट्झांकडे गेला. पुढे १२९५ मध्ये पार्लमेंटला बोलावलेल्या सरदारांत करी मॅलेटचा ह्यू पॉइंट्झ आहे. म्हणजे मॅलेट जमिनीवरून गेले आणि नाव गावाला चिकटून राहिलं ते आजतागायत.

आता माथेरानच्या कलेक्टरचं नाव परत वाचा: ह्यू पॉइंट्झ, मॅलेट. एकोणिसाव्या शतकात मुलाला नाव देताना आईबापांनी सहाशे वर्षांपूर्वीचा जावई जसाच्या तसा उचलला. तो हेलविसचा वंशज असल्याचा हा पुरावा मात्र नव्हे. कलेक्टरचं घराणं सॉमरसेटातल्या एन्मोर गावच्या मॅलेटांच्या धाकट्या शाखेतून आपली वंशावळ सांगतं. मधली नावं ही या कामातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत फसवी खूण आहे. चार्ल्स मॅलेटने १७९९ मध्ये सुसाना वेल्सशी लग्न केलं. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स, त्याची ही मुलगी. त्यांना आठ मुलगे झाले, माथेरानचा ह्यू पॉइंट्झ त्यातलाच. मुलांच्या नावांत सेंट लो हे चार्ल्सच्या आईचं माहेर, वॉर हे सॉमरसेटचं जुनं घराणं, आणि ऑक्टेव्हियस म्हणजे चक्क ‘आठवा’. मधल्या नावांची वेगळी यादी करून प्रत्येकापुढे ‘आजोळ’, ‘दूरचं नातं’, ‘हौस’ असा शेरा मारला की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

उलट दिशेचा सापळाही आहे. हल शहरात मॅलेट लॅम्बर्ट नावाची शाळा आहे. ते नाव पाद्री जोसेफ मॅलेट लॅम्बर्ट यांचं, आडनाव लॅम्बर्ट. पॉइंटिंग्टन हे गाव पॉइंट्झांचं वाटतं, पण मूळ नाव ‘पुंट’ नावाच्या कुणा सॅक्सनाचं. डॉर्सेटमधलं सटन पॉइंट्झ मात्र खरंच पॉइंट्झांचं. भारताशी काम करणाऱ्यांनी एक नाव लाल शाईने लिहून ठेवावं: सर लुई मॅलेट, इंडिया ऑफिसचा १८७४ ते १८८३ मधला कायम उपसचिव. हे घराणं जिनिव्हाचं, सॉमरसेटशी काडीचा संबंध नाही. कवी डेव्हिड मॅलेट तर जन्माने मॅलॉक, स्कॉटलंडचा. त्याने आडनावच बदललं.

कागदांकडे वळू. चर्चच्या जन्म-लग्न-दफन नोंदी १५३८ पासूनच्या, तरी प्रत्येक गावच्या इतक्या जुन्या टिकल्या नाहीत. १८३७ च्या जुलैपासून सरकारी नोंदणी. १७५२ आधीच्या तारखांत वर्ष २५ मार्चला बदलायचं, हे विसरलात की वर्षभराचा घोळ. एन्मोरची वारसदार एलिझाबेथ मॅलेट हिचं रॉचेस्टरच्या अर्लशी लग्न २९ जानेवारी १६६७ ला झालं. त्या काळच्या वहीत ते १६६६ मध्ये पडतं. तक्त्यात अशा तारखा मी ‘१६६६/६७’ अशाच लिहिल्या.

सॉमरसेटची मृत्युपत्रं शोधताना हमखास निराशा होते. परगण्यातली बरीचशी एक्सेटरला ठेवली होती आणि १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. त्यावर दोन वाटा आहेत. पैसेवाल्या घराण्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध होत. त्यांच्या नकला राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब ११’ या मालिकेत १८५८ पर्यंत मिळतात. शिवाय १८१२ ते १८५७ मधल्या करखात्याच्या नकला आहेत. गाव कुठल्या परगण्यात आहे हेही वर्षागणिक बघा: न्यायाधीश थॉमस मॅलेटचं पॉइंटिंग्टन १८९६ साली सॉमरसेटातून डॉर्सेटात गेलं, त्यामुळे एकाच गावाचे कागद दोन ठिकाणी शोधावे लागतात.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांच्या बारशा-लग्नांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ मालिकेत आहेत. बंगाल ‘एन/१’, मद्रास ‘एन/२’. माणूस पुण्यात होता म्हणून मद्रासच्या मालिकेत वेळ घालवू नका.

मॅलेट स्ट्रीटचा दुवा सर्वांत सोपा निघाला. रस्ता बेडफर्डच्या ड्यूकच्या जमिनीवरचा. सर एडवर्ड मॅलेट, बर्लिनमधला राजदूत, याने १८८५ मध्ये नवव्या ड्यूकच्या मुलीशी लग्न केलं. एडवर्डचा बाप अलेक्झांडर, अलेक्झांडरचा बाप चार्ल्स. संगमावरच्या रेसिडेन्सीपासून मॅलेट स्ट्रीटच्या ब्लूम्सबरीपर्यंत तीन पिढ्या, आणि तिन्ही ठिकाणी पक्की रेघ.

पुण्याच्या बाजूने शोधताना ‘पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स’चा गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेला दुसरा खंड आधी घ्या. तो १७८६ ते १७९७ चा, म्हणजे पूर्ण मॅलेटचाच. मराठी साधनांत ‘मालेट’, ‘मालिट’, ‘मॅलट’ अशी सगळी रूपं तपासा. सूचीत ‘म’ खाली नसेल तर ‘इंग्रजांचे वकील’ या नोंदीखाली बघा. रेसिडेंटला इकडे वकीलच म्हणत. नाव न घातलेलं पत्र असेल तर तारखेवर नजर ठेवा. १७९८ ते १८०१ मधलं निघालं तर तो वकील मॅलेट नसून त्याच्यानंतरचा रेसिडेंट विल्यम पामर आहे.