वाढत्या मापाची स्की

मागच्या तीन नोंदींत ज्या अडचणीचे रडगाणे गायलो, ती अखेर सुटली; आणि दोष ना बर्फाचा निघाला, ना स्कीच्या तळाला लावायच्या वॅक्सचा. ओस्लोतील आमच्या चार मराठी कुटुंबांच्या रविवारच्या क्रॉस-कंट्री स्कीइंग गटातील सात वर्षांची मुलगी सपाटीवर बरी चालत असे, पण सोंग्सवान तळ्याजवळचा पहिलाच चढ लागला की प्रत्येक पावलाला मागे घसरत असे. "काका, मी पुढे चाललेय की मागे?" हा तिचा प्रश्न दोनदा ऐकून हसू आले, तिसऱ्या रविवारी मात्र ती बर्फात फतकल मारून बसली आणि पुढच्या वेळी आम्हाला धरू नका, असे तिच्या आईने सांगितले.

तिची स्की खवल्यांची, म्हणजे तळाला मधोमध बर्फ पकडणारे खवले असलेली, पकडीसाठीचे ग्रिप वॅक्स लागतच नाही अशी. म्हणून मी आधी खवल्यांत बर्फ चिकटत असेल असे समजून ते घासूनपुसून स्वच्छ केले आणि बर्फ न धरणारा फवारा मारला. फरक पडला नाही. मग सुचले ते क्लिस्टर, हे मला आता कबूल करायला लाज वाटते. काकवीसारखा हा चिकट पदार्थ वितळून पुन्हा गोठलेल्या, खरबरीत बर्फासाठी असतो. उणे ४ अंशांच्या ताज्या बर्फात त्याने असा लगदा धरला की मुलगी खडावा घातल्यासारखी उंच झाली. ते काढता काढता माझा एक हातमोजा कायमचा गेला.

शेवटी कागदाची परीक्षा घेतली, जी खरे तर पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर उभे असताना खवल्यांचा भाग बर्फापासून वर राहावा आणि एका पायावर पूर्ण भार आला की तो खाली दाबला जावा, यावरच सारी पकड अवलंबून असते. स्वयंपाकघरातील सपाट फरशीवर तिला स्की घालून उभे केले, बुटाच्या जागी स्कीखाली कागद सरकवला आणि एका पायावर उभे राहायला सांगितले. कागद अडकायला हवा होता. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. २२ किलोंच्या मुलीला ती कमान दाबताच येत नव्हती, म्हणजे तिचे खवले बर्फाला कधी टेकलेच नव्हते.

कारण आपल्या घरचेच आहे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, तशीच ही स्की दोन हंगाम पुरावी म्हणून एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली होती, आणि दुकानदाराने उंची विचारली, वजन विचारले नाही. स्की घेताना वजन आधी आणि उंची नंतर, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मुलांसाठी विकत घेण्याची घाईच कशाला, हेही कळत नाही. खेळाचे साहित्य विनामूल्य उसने देणाऱ्या 'बुआ'च्या केंद्रातून आम्ही आखूड, मऊ स्की आणली आणि कागद पहिल्याच प्रयत्नात घट्ट अडकला.

परवाच्या रविवारी ती तो चढ काठ्यांशिवाय चढली. वर पोहोचल्यावर खिशातला तिळाचा लाडू थंडीने दगड झाला होता. तो चघळत तिने तीन किलोमीटरांहून लांब असलेली तळ्याची फेरी पूर्ण केली, आणि आई मागे राहिली म्हणून दोनदा थांबलीही.

पुढच्या महिन्यात पालकांना वॅक्स लावायला शिकवायचे ठरवले होते. पण हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे की ते बाजूला ठेवून आधी सर्व मुलांना एका संध्याकाळी वजनकाटा, कागद आणि फरशी यांच्यासमोर उभे करावे. पालकांचीही परीक्षा घ्यावी म्हणून आत्ताच माझ्या नऊ वर्षे जुन्या स्कीवर उभा राहून पाहिले. दोन्ही पायांवर उभा असूनही कागद हलेना. स्की तीच आहे, वजन वाढले आहे.