कुर्त्यावर संत्र्याची फांदी

सध्या सुती कुर्त्यावर भरतकामात संत्र्याची फांदी भरून राहिले, नागपुरात राहून संत्रं नाही भरायचं तर काय! बर्डीवर, म्हणजे इथल्या सीताबर्डीच्या बाजारात, दोऱ्याच्या लड्या घेतल्या, केशरीच्या 3 छटा, कारण एकाच रंगात भरलं की फळ सपाट दिसतं.

लडीतल्या दोऱ्याला 6 पदर असतात, ते एकेक करून ओढून काढायचे न मग हवे तेवढे जोडायचे, एकदम ओढले की गुंता ठरलेला. देठाला 2 पदर घेऊन दांडी टाका (एकमेकांना लागून तिरके टाके) घालायचा, पानं भरीव टाक्याने, म्हणजे शेजारी शेजारी टाके घालून भरायची, पण आधी कडेने बारीक साखळी टाका घालून घ्या म्हणजे कड अगदी स्वच्छ येते, ही पायरी कधीच सोडू नका.

खरी मजा संत्र्याच्या सालीत, ती पूर्ण फ्रेंच नॉटने, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून केलेल्या छोट्या गाठींनी. सुईला दोरा 2 वेळा गुंडाळायचा, डाव्या हाताने ताणून धरायचा न सुई आधीच्या छिद्रात नाही तर अगदी शेजारी खाली घालायची, त्याच छिद्रात घातली तर गाठ मागे निसटते. गडद केशरी खाली, फिकट वर, काय सुंदर दिसतं बाप्पा!

भरताना कापड ताणून धरणाऱ्या गोल रिंगमधून कापड रोज रात्री काढून ठेवा, नाहीतर वळ पडतो.