छत्तीस गुण कुठल्या वेदात?

मी संस्कृत शिकवते हे कळलं की लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, लग्नसराईत तर जास्तच: "पत्रिका जुळवणं शास्त्रातच सांगितलंय ना हो?" परवा फोनवर तुम्हीही तोच विचारलात. मुलीचं जमत आलंय, तेवीस गुण जुळतात, पण एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाडी एकच आली (हा दोष धरतात), आणि मुलाकडच्यांनी "शास्त्रात बसत नाही" म्हणून पाय मागे घेतला. फोनवर सांगून होण्यासारखं हे नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर लिहिते.

'ज्योतिष हे वेदांचं अंग आहे' हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवलं असणारच. ते खरंच आहे. शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष अशी सहा वेदांगं. पण ते वेदांग ज्योतिष उघडून पाहणारे फार थोडे. लगध नावाच्या आचार्यांचा हा ग्रंथ अगदी छोटा आहे. ऋग्वेदी पाठात ३६ श्लोक, यजुर्वेदी पाठात त्याहून थोडे जास्त. त्यात आहे काय, तर पाच वर्षांचं युग, त्याचे १८३० दिवस, त्यात बसणारे ६२ चांद्रमास, अधिकमास कधी धरायचा, दिवस किती वाढतो-घटतो. म्हणजे यज्ञ वेळेवर व्हावा म्हणून केलेला हिशोब. स्वतःला तो 'कालविधानशास्त्र' म्हणवतो. मेष-वृषभ राशी त्यात नाहीत, सोमवार-मंगळवार नाहीत, मंगळ आणि शनीचा पत्ता नाही. फलिताच्या, म्हणजे भविष्य सांगण्याच्या, जवळ जाणारं म्हणाल तर उग्र आणि क्रूर नक्षत्रांची एक चिमुकली यादी आहे. बस्स.

मेषादी राशींची नावं वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत, हे काही मी नव्याने सांगत नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा सगळा इतिहास मराठीत लिहून ठेवला. वैदिक काळात काय होतं, वेदांगकाळात काय आलं, सिद्धांतांच्या काळात काय, असं एकेक पान उलगडून. इतकं सगळं आपल्या भाषेत असताना आपण मोबाइलवर आलेल्या अर्ध्या श्लोकावर विसंबतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण म्हणून "वेदात ज्योतिष नाहीच" असं ठोकून देणाऱ्यांचंही मला पटत नाही. नक्षत्रं वेदात आहेत, आणि नुसती तारखेसाठी नाहीत. तैत्तिरीय ब्राह्मणात म्हटलंय की लेक नवऱ्याची लाडकी व्हावी असं ज्याला वाटतं, त्याने ती निष्ट्येवर, म्हणजे स्वाती नक्षत्रावर द्यावी. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर ज्येष्ठा आणि मूळ या नक्षत्रांवर जन्मलेल्या बाळाला अग्नीने सांभाळावं, शंभर शरद दाखवावेत अशी प्रार्थना आहे. मूळ नक्षत्रावर पोर झालं की आजही घरात जी कुजबुज सुरू होते, तिचं मूळ इतकं जुनं आहे. भीती जुनी, आधार मागणंही जुनं. जन्मवेळेवरून बारा घरं मांडून कुठल्या घरात कोण बसलाय ते पाहणं मात्र तिथे नाही.

आता लग्नाचं. तुमचं घराणं ऋग्वेदी, म्हणजे तुमचं सूत्र आश्वलायन. तुमच्याकडची लग्नं ज्या गृह्यसूत्राला, म्हणजे घरातल्या संस्कारांच्या नियमग्रंथाला, धरून लागतात, ते वधू कशी निवडावी याबद्दल काय म्हणतं ते ऐका. आधी कूळ पाहावं, आईकडचं आणि वडिलांकडचं. मुलगी बुद्धी, रूप, शील आणि लक्षणं असलेली, निरोगी असावी. आणि लगेच पुढे, जणू सूत्रकारालाच शंका आली: लक्षणं ओळखणं कठीण. मग उपाय काय? आठ ठिकाणची माती आणायची, तिचे आठ गोळे करायचे, त्यांवर मंत्र म्हणायचा आणि मुलीला सांगायचं, यातला एक उचल. वर्षात दोन पिकं देणाऱ्या शेताची माती उचलली तर तिची संतती अन्नाने संपन्न. गोठ्यातली उचलली तर गुरंढोरं भरपूर. यज्ञवेदीची उचलली तर ब्रह्मतेज. कधी न आटणाऱ्या डोहाची उचलली तर सगळंच. जुगाराच्या जागेची उचलली तर जुगारी, चौकातली उचलली तर भटकी, खारपड जमिनीची उचलली तर दरिद्री, आणि स्मशानातली उचलली तर नवऱ्याचं काही खरं नाही.

हे वाचून वर्गातल्या मुली आधी हसतात आणि मग चिडतात. माती मुलीनेच का उचलायची, मुलाने का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मी ही पद्धत पुन्हा सुरू करा म्हणत नाहीये. सांगायचं इतकंच की वधूपरीक्षेचा अगदी शास्त्रोक्त विधी हवाच असेल तर तो हा. त्यात ना गण, ना नाडी, ना मंगळ. (गोत्र-प्रवर पाहणं मात्र सूत्रांतलं आणि स्मृतींतलं आहे, ते पत्रिकेच्या गठ्ठ्यात टाकू नका.) मुहूर्ताबद्दलही सूत्र एका दमात बोलून मोकळं होतं: उत्तरायण, शुक्ल पक्ष, कल्याणकारी नक्षत्र.

मग कुंडली आली कुठून? यवनांकडून, म्हणजे ग्रीकांशी आलेल्या संबंधातून, आणि हे आपल्या लोकांनी कधी लपवलेलं नाही. सहाव्या शतकातले वराहमिहिर बृहत्संहितेत स्वच्छ सांगतात की यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट नांदतंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. केवढा मोठा मनाचा माणूस! आज 'वैदिक ज्योतिष' अशी पाटी लावणाऱ्यांना वराहमिहिरांएवढं मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, त्यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. या सगळ्या गदारोळात 'वैदिक' हा शब्द मात्र पक्का चिकटला.

छत्तीस गुणांचा हिशोब तर मुहूर्तग्रंथांतला. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन असं करत नाडीचे आठ, बेरीज छत्तीस. तुमच्या गुरुजींच्या कपाटात जो मुहूर्तचिंतामणी असेल, तो राम दैवज्ञांनी काशीत शके १५२२ मध्ये, म्हणजे १६०० साली लिहिला. ग्रंथ विद्वत्तेचा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो काही श्रुती, म्हणजे वेद, नव्हे. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तीस वर्षं लिहिलेल्या पुस्तकाला अपौरुषेय म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

"पण ग्रहशांतीत तर वेदमंत्रच म्हणतात" हा पुढचा मुद्दा तुम्ही फोन ठेवता ठेवता काढलात. म्हणतात, खरं आहे. ग्रहयज्ञ याज्ञवल्क्य स्मृतीत आहे आणि कुठल्या ग्रहाला कुठली ऋचा हेही तिथे दिलंय. आता त्या ऋचा मुळात कोणाच्या ते पाहा. शनीला 'शं नो देवीः', ती ऋचा पाण्याची: हे जलदेवींनो, आम्हाला पिण्यासाठी सुखकर व्हा. मंगळाला 'अग्निर्मूर्धा', ती अग्नीची. राहूला 'काण्डात् काण्डात्', ती चक्क दूर्वेची. शनीचा 'शं' आणि ऋचेचा 'शं' जुळला आणि काम भागलं. ग्रह नंतर आले आणि जुन्या मंत्रांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिले, असं मला दिसतं. याचा मला राग येत नाही, परंपरा अशाच वाढतात. फक्त घर भाडेकरूचं होतं असं सांगू नये.

आणि शास्त्रांचं एकमत तरी कुठे आहे? मनुस्मृती नामकरणाला पुण्य तिथी, चांगला मुहूर्त, गुणवान नक्षत्र बघायला सांगते. तीच मनुस्मृती नक्षत्रांवर पोट भरणाऱ्याला श्राद्धाला बोलावू नका म्हणते. संन्याशाने ग्रहनक्षत्रं सांगून भिक्षा मिळवू नये, हेही तिथेच. कौटिल्य तर सरळ फटकारतो: सारखं नक्षत्र विचारत बसणाऱ्या पोरकट माणसाच्या हातून कार्य निसटतं, कार्याचं नक्षत्र कार्यच, तारका काय करणार? तुकोबांना भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा कंटाळा होता, "पाहों नावडती डोळां" म्हणतात ते.

तुमच्या घरी आजवर जितकी लग्नं लागली, त्या प्रत्येकात शेवटी गुरुजींनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' म्हटलंच असेल. लक्ष्मीपतीच्या चरणांचं स्मरण हेच लग्न, हाच सुदिन, हेच ताराबळ आणि चंद्रबळ, असा त्याचा अर्थ. महिनाभर ताराबळ-चंद्रबळ बघून काढलेल्या मुहूर्ताच्या त्याच मिनिटाला हा श्लोक म्हणायचा, आणि अंतरपाट दूर झाला की अक्षता टाकून सगळे पंगतीकडे वळतात.

मुलाकडच्यांशी वाद घालू नका. त्यांना धास्ती वाटत असेल तर ती ग्रंथ दाखवून जात नाही. पण "शास्त्रात नाही बसत" म्हणाले तर कुठल्या शास्त्रात, एवढं नम्रपणे जरूर विचारा. आणि जमलंच, तर गुरुजींना म्हणा, गृह्यसूत्राप्रमाणे दिवस द्या. उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि चांगलं नक्षत्र कुठल्याही पंचांगात पाच मिनिटांत सापडतं. त्या दिवशी हॉल मिळत नसेल तर सूत्राचं पुढचंच वाक्य आहे, 'सार्वकालमेके विवाहम्': काहींच्या मते लग्न केव्हाही करावं.