ढेकळं जमली, ओटीपी काही येईना

जुनी ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी मोटरसायकल घेणाऱ्यांना माझा पहिला सल्ला सस्पेन्शनबद्दल नाही. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याच्या मोबाइलवर वाहन पोर्टलचा (आरटीओची कामं ऑनलाइन होतात ते) ओटीपी येतो का, ते समोर बसून बघा. येत नसेल तर चहा प्या आणि घरी या.

पन्नाशी उलटेपर्यंत मी बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता. धुळे-शिरपूर, साक्रीवरून नवापूर-सुरत, कधी चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट, सगळं डांबरावर. शिरपूरकडे शेती करणारा भाचा मात्र सातपुड्याच्या पायथ्याने वाट दिसेल तिकडे गाडी घालतो. तो म्हणाला, "मामा, बुलेट दोनशे किलोच्या घरात. ओढ्यात आडवी झाली तर गाव गोळा करावं लागेल." त्याच्या सल्ल्याने हिरोची एक्सपल्स 200 ठरली, 2019 ची. वजन 154 किलो, पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, खाली 220 मिलिमीटर मोकळी जागा. शेजारचे आबा एवढंच म्हणाले, "आते ह्या वयमा कसाले, भाऊ?" उत्तर दिलं नाही.

गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली निघाली. मालक सज्जन, गाडी स्वच्छ, कर्ज फेडलेलं. पण आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरतो असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. तसं नसतं. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 द्यावा लागतो. गाडी दुसऱ्या आरटीओ कार्यालयाच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि मग नाव बदलायला 29 आणि 30. वाचायला चार कागद. मालकाकडे कंपनीचं पत्र होतं, पण तीन महिन्यांची मुदत संपून जमाना झालेला.

नवीन पत्रासाठी आम्ही दोघं कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या पोराने खाते क्रमांक टाकला, स्क्रीन आमच्याकडे वळवली. हिरव्या अक्षरांत 'लोन क्लोज्ड'. म्हटलं, झालं, द्या छापून. तर म्हणे पत्र इथून निघत नाही, हेड ऑफिसहून येतं, सात ते दहा कामकाजाचे दिवस. ते दिवस सरले, पुन्हा गेलो. आता म्हणे विनंतीच पडलेली नाही, कारण ग्राहकाचा पत्ता बदललाय. पत्ता बदलायला ओटीपी. तो मालकाच्या फोनवर आला, कारण कंपनीकडे त्याचाच नंबर होता. आयुष्यात ओटीपी आल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तो टिकला नाही. पत्र आलं, ऑनलाइन अर्ज भरायला बसलो, आणि वाहन पोर्टलवरचा ओटीपी कुठे गेला कोणास ठाऊक. शेवटचे चार आकडे मालकाच्या नंबरचे नव्हतेच. गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने नोंदणी करताना आपल्याच कुणा माणसाचा नंबर टाकलेला, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला. शोरूममध्ये विचारलं तर मॅनेजर म्हणतात, "त्या वेळी सगळ्यांचंच असं व्हायचं." जसं काही पावसाने केलं! पोर्टलवर नंबर बदलायची सोय आहे, चासी आणि इंजिन नंबर मागतात, तेही दिलं. मग आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळेना. आरसीवर आद्याक्षरं, आधारवर वडिलांसकट पूर्ण नाव. अखेर लेखी अर्ज, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राच्या प्रती, आणि खिडकीपुढे उभं राहणं. खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी उलटी करून ठेवलेली असते. ती सुट्टी कधी संपते ते पाटीलाही माहीत नसावं.

एजंट लावा असं सगळे सांगत होते. मी हट्टाने लावला नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पण तुम्हाला वेळ नसेल तर लावा, मी नावं ठेवणार नाही. जुनी ई-चलनं मात्र आधीच भरून टाका, पीयूसी आणि विमा चालू ठेवा, नाहीतर तिथेही अडवतात. एनओसी हातात आल्यावर आमच्याकडचं काम इतकं झटकन झालं की लिहिण्यासारखं काहीच नाही.

या सगळ्या काळात मी शिकलो ते भाच्याच्या रानात. उन्हाळा, कापूस निघून गेलेला, नांगरट झालेली. उन्हाचं म्हणून पहाटेच जायचं. नऊनंतर हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. नांगरटीच्या ढेकळांत बसून गाडी चालवली की प्रत्येक दणका थेट कमरेत येतो. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, नजर चाकापुढे न ठेवता लांब. हायवेवाल्याचा हात सवयीने पुढच्या ब्रेककडे जातो, ती सवय हळूहळू मोडावी लागते. या गाडीला एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) फक्त पुढे आहे, मागचं चाक लॉक होतं. सुरुवातीला भीती वाटते, नंतर त्याच लॉकने गाडी वळवता येते. वाळूत उलटं करायचं: वजन मागे, अॅक्सिलरेटर सोडायचा नाही. घाबरून सोडला की पुढचं चाक रुतलंच. पांझरेच्या कोरड्या पात्रात हे कळलं.

टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते, पण ट्यूबचे टायर आहेत, फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते. आणि बांधाकडेला राहिलेले पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे खुंट! सुकले की खिळ्यासारखे. ट्रॅक्टरचे टायर फाडतात, आपलं काय. जादा ट्यूब आणि पान्हे सोबत हवेतच.

माझ्या वयाच्यांना गुडघ्याचे पॅड आणि घोट्यावर येणारे बूट गाडीच्या आधी घ्यायला सांगेन. पोरं नुसत्या चपलेवर चालवतात, त्यांची हाडं लवकर जुळतात. पाऊस पडल्यावर काळ्या रानात जाऊच नका. माती चाक आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मध्ये भरते आणि गाडी उभ्या उभ्या थांबते, काडीने उकरत बसावं लागतं. यावल अभयारण्यात वाट दिसली म्हणून घुसू नका. वनखात्याचे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत.

हो, विम्याचं राहिलंच. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टी भाग तसाच चालू राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावावर झाल्याशिवाय दावा करता येत नाही. आणि तिथे नंबर लिहिताना स्वतःचाच लिहा, एजंटला लिहू देऊ नका.