फळाची आशा सोडायची, तर पेरायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हे मी आजवर तोंडीच सांगत आलोय, ते पण काउंटरच्या पलीकडं उभ्या माणसाला, बिल फाडता फाडता. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं कृषी सेवा केंद्र आहे, गळ्यात माळ आहे आणि सप्त्यात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतो. ह्या तिन्ही गोष्टी एकाच माणसात दिसल्या की मृगाच्या तोंडाला कुणी ना कुणी टोकतंच, “काय माळकरी, तिकडं म्हणायलाव फळाची आशा करू नका आन हिकडं बियाणं इकायलाव, आशाच नाय तर पेरायचं कशाला?” पोरं हसत विचारतात, म्हातारी माणसं मनापासून विचारतात, आणि अलीकडं काहीजण असं विचारतात की त्यात प्रश्न कमी आणि चीड जास्त असते. तिघांनाही उत्तर एकच आहे पण ते दोन वाक्यांत बसत नाही म्हणून हा पसारा.

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन, एवढं सगळ्यांना पाठ आहे, टेम्पोच्या मागं असतं, रिझल्टच्या दिवशी स्टेटसला असतं. पण तो अर्धाच श्लोक झाला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक आहे हा आणि त्याची पुढची ओळ आहे मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ ला ते छापून आलं, त्यात ह्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलंय, म्हणजे चारही एकत्र घ्यायचे, सोयीचा एक उचलायचा नाही. काम करणं तुझ्याकडं, फळ तुझ्या ताब्यात नाही, निव्वळ फळावर नजर ठेवून काम करणारा होऊ नको, आणि काम न करण्याचाही नाद लावून घेऊ नको. हा शेवटचा चरण आपल्याकडं कुणी म्हणतच नाही. पाऊस काय आपल्या हातात हाय का, असं म्हणत दिवसभर पारावर बसणाऱ्याला गीता शाबासकी देत नाही, उलट त्यालाच आधी धरते.

आणि आशेचंच म्हणाल तर ह्या श्लोकाच्या दहाच श्लोक आधी देव स्वतः अर्जुनाला फळ दाखवतो, मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वी भोगशील, म्हणून ऊठ. आता फळाचं नावच काढायचं नसतं तर हे कशाला सांगितलं असतं? पेरणारा आशेनंच पेरतो, त्याला कुणाची ना नाही. पीक यावं असं वाटण्यात काहीच वावगं नाही, घोटाळा होतो तो पुढं, पीक आलंच पाहिजे, नाही आलं तर माझी लायकीच नाही, असं मनात बसतं तिथं.

मला विचाराल तर ह्याचा खरा खुलासा अठराव्या अध्यायात आहे, चौदाव्या श्लोकात. पारायणात आपण तिथं पोचतो तेव्हा शेवटचे दिवस असतात, ओव्या उरकायच्या असतात, बाहेर पंगतीची तयारी चाललेली असते, भाजीला फोडणी पडलेली नाकाला कळत असते, त्यामुळं तो भाग सगळ्यांच्या तोंडून जातो आणि डोक्यात फार कुणाच्या राहत नाही. तिथं सांगितलंय की कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात, अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे खटपटी आणि पाचवं दैव. जुन्या टीकांत अधिष्ठान म्हणजे देह, करण म्हणजे इंद्रियं आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या देवता, डोळ्याचा सूर्य वगैरे, असा बारीक अर्थ लावलाय, तो शास्त्रीबुवांकडून ऐकावा. मी दुकानात रांगडा अर्थ सांगतो. रान, कास्तकार, तिफण-ट्रॅक्टर-बियाणं-खत, नांगरटीपासून राशीपर्यंतची मेहनत, आणि आभाळ. तसं बघायला गेलं तर शास्त्रीबुवांचा अर्थ पण फिरून तिथंच येतो, उजेडच नसला तर डोळे असून काय करता. पुढं सोळाव्या श्लोकात तर रोखठोक म्हटलंय, एवढी पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दिसतच नाही, त्याची बुद्धी कच्ची.

पाचातला तू एक. माझं उत्तर एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आता ह्या पाचातल्या चारांत आपला हात आहे आणि तिथं गीता काडीची सूट देत नाही. योगः कर्मसु कौशलम् हे पण त्याच दुसऱ्या अध्यायातलं, पन्नासाव्या श्लोकातलं. सोयाबीनचंच घ्या. बियाणं घरचं असो नाहीतर ब्यागेतलं, पेरायच्या आधी एक गोणपाट ओलं करून त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालायचं, अलगद गुंडाळी करून सावलीला ठेवायची, रोज पाण्याचा शिपका द्यायचा आणि सहा-सात दिवसांनी उलगडून बघायची. चांगल्या दाण्याचं टरफल फाटून जाड पांढरा कोंब बाहेर आलेला असतो, काहींचा नुसता टोकाला येऊन थांबलेला असतो, तो मोजायचा नाही, आणि काही दाणे फुगून बुळबुळीत झालेले असतात, बोटात धरले की साल सुटून येते, आंबूस वास येतो. धड कोंब सत्तर किंवा वर भरले तर एकरी ३० किलो बी, थोडे कमी भरले तर त्या मानानं बी वाढवायचं, फारच कमी भरले तर ते बियाणं पेरायच्या भानगडीत पडायचं नाही. मग बीजप्रक्रिया. मग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, शेजाऱ्यानं तिफण काढली म्हणून आपण काढायची नाही, आणि बी पाच सेंटीमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गोणपाटाच्या परीक्षेला रुपाया लागत नाही, एक फाटकं पोतं लागतं. पण जे हे करत नाहीत तेच दैवाला जास्त शिव्या देतात, आणि दैव सापडलं नाही की दुकानदाराला.

हे सगळं नीट करून, कोळपून, खुरपून, फवारून पीक उभं केलं आणि मग आभाळ फाटलं तर? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात हेच झालं, मांजरेच्या काठची रानं पाण्याखाली गेली, पीक सोडा, कुठं कुठं वरची मातीच खरवडून गेली. ह्याच लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणजे पाचवं कारण आमच्याकडं कधी कोरडं येतं कधी ओलं येतं, पण येतं. काढलेल्या सोयाबीनच्या बनमीवर, म्हणजे ढिगावर, ताडपत्री टाकणं माझं काम, ते मी चुकवलं तर दोष माझाच. ताडपत्रीखालून शेतभर गुडघाभर पाणी वाहिलं तर तो दोष स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचं काही कारण नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या भागात माणसं नेमकं हेच नावावर लिहून घेतात. पीक गेलं की चार माणसांत यायची बंद होतात, लग्नाला जात नाहीत, दुकानासमोरून जाताना मान खाली. उधारी असते हे खरं, पण नुसती उधारी नसते, तोंड दाखवायला जागा नाही असं वाटत असतं. काही घरांत त्याचा शेवट कसा होतो ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. कर्ज, भाव, विमा हे प्रश्न श्लोकानं सुटत नाहीत आणि जो सुटतात म्हणतो तो थापा मारतो. पण तू पाचातला एक आहेस, पाचही तू नाहीस, हे कुणीतरी त्या माणसाच्या शेजारी बसून सांगायला पाहिजे, आणि ते गीतेत लिहिलेलं आहे म्हटल्यावर तो निदान ऐकून तरी घेतो, मी सांगितलं तर ऐकेल कशाला, माझीच उधारी असते त्याच्याकडं.

ह्याची दुसरी बाजू लोकांना आवडत नाही. चांगल्या सालातही तू पाचातला एकच असतोस. ज्ञानोबांनी लगेच पुढच्या, ४८ व्या श्लोकावर लिहिताना हे अगदी उघड केलंय,

परी आदरिलें कर्म दैवें । जरी समाप्तीतें पावे ।
तरी विशेषें तेथ तोषावें । हेंही नको ॥

हाती घेतलेलं काम नशिबानं तडीला गेलं तर त्याचा फार आनंद करत बसू नको, आणि पुढच्या ओवीत, काही कारणानं अडलं तर चिडू नको. आधी आनंदाचं सांगितलंय, मग दुःखाचं, मला हा क्रम फार आवडतो. कारण एकरी उतारा चांगला पडला त्या साली जो गावभर माझ्यासारखा कास्तकार नाही म्हणत फिरला तोच पडत्या साली मोडतो, दोन्ही वेळेला हिशोब एकच चुकलेला असतो. ज्ञानोबा तर आपल्याच पैठणजवळच्या आपेगावचे, १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. पुढं अंबाजोगाईला दासोपंतांनी गीतेवर गीतार्णव लिहिला, सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. मराठवाड्यातली माणसं शेकडो वर्षं गीतेशी झटायलीत, अर्ध्या श्लोकात भागत असतं तर एवढं लिहिलं असतं का.

हाच प्रश्न मला लातूरला पोरं शिकायला ठेवलेले आईबाप पण विचारतात, फक्त त्यांचं फळ म्हणजे डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचे मार्क. तिथं पाचवं कारण मोजून दाखवता येतं, दरवर्षी वीस लाखांवर पोरं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी बहुतेकांना जागा मिळणार नाही हे पेपर छापायच्या आधीच ठरलेलं. चौकात लागलेल्या फ्लेक्सवर हे लिहिलेलं नसतं. पोराला दमानं घ्या एवढंच म्हणतो मी, ते बऱ्याच जणांना पटत नाही, फी भरून बसलेले असतात बिचारे.

आता चिडून विचारणाऱ्यांचं. त्यांची चीड कुठून येते ते मला माहीत आहे. कुणीतरी पोट भरलेल्या माणसानं त्यांना सांगितलेलं असतं की बाबा रे, कष्ट कर, भावाचा विचार करू नकोस, गीतेत तसंच लिहिलंय. हे साफ चुकीचं आहे. पाऊस दैवात धरा, गारपीट धरा, पण भाव आभाळातून पडत नाही, तो माणसं ठरवतात, आयातीचं धोरण माणसं ठरवतात. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला आणि त्याच दिवाळीत अडतीवर लोकांनी त्याच्या बरंच खाली माल घातला. ह्याला पाचवं कारण म्हणून हात जोडायचे नाहीत, हे चेष्टा ह्या खात्यात येतं, म्हणजे करायचं काम. अर्जुनाला पण देवानं जाऊ दे, सोडून दे, असं कुठं सांगितलंय, लढणार नाही म्हणत होता तो अर्जुन, देव नाही.

तेव्हा भाव मागा, निवेदन द्या, मोर्चा निघाला तर जा, तुमची इच्छा असली तर माळ घालूनच जा. खरेदी केंद्रावर माल न्यायचा असेल तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत येईल असा वाळवून न्या, नाहीतर ते परत पाठवतात आणि गाडीभाडं अंगावर पडतं. आणि नोंदणीला सातबारा, आधार अन् बँकेचं पासबुक तर लागतंच, पण सातबाऱ्यावर सोयाबीनचा पीकपेरा लागलाय का ते आधी बघून घ्या.