तुम्ही विचारलंत म्हणून: निजामाची नाणी घरात कशाला?

दर १७ सप्टेंबरच्या आसपास कुणीतरी विचारतंच, "मराठवाड्याचा माणूस तू, आणि निजामाचा पैसा जपतोस?"

तो पैसा एकट्या निजामाचा नव्हता. माझ्या आजीनं परभणीकडे कापूस वेचला, त्याची मजुरी हाली सिक्क्यातच, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या रुपयातच मिळायची. सहा कलदारांना, म्हणजे इंग्रजी रुपयांना, सात हाली, हा हिशेब शाळेचं तोंड न पाहिलेल्या तिला पाठ होता. महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा, १९१८ साली, संस्थानानं नोटा काढल्या. त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही किंमत छापलेली असे. हे सगळं फक्त 'निजामाचं' म्हणून टाकून द्यायचं?

बहिणीच्या लग्नाला चुलत आजोबा आले होते. तरुणपणी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. त्यांचा सख्खा भाऊ रझाकारांनी मारला. चारमिनारचा चांदीचा रुपया मी मोठ्या हौसेनं त्यांच्या हातावर ठेवला. मधल्या कमानीतलं शेवटच्या निजामाचं, उस्मान अलींचं 'ऐन' अक्षर दाखवायला लागलो. त्यांनी रुपया उलटा केला, सुलटा केला. म्हणाले, "भावाला नेलं त्या रात्री त्यांच्या खिशात हेच वाजत होतं." रुपया जमिनीवर ठेवला आणि न जेवता निघून गेले. पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

वडील भडकले. "उद्याच्या उद्या मोडीत घाल." मी म्हणालो, "तुमच्या आईची मजुरी मोडीत घालू?" ते म्हणाले, "आईनं त्यातला एक तरी जपला का? तू तर सराफाकडून विकत आणलास."

ते खरंच होतं.

तेव्हा मी सगळ्यांना सुनवायचो की नाण्याला पाप चिकटत नाही. पण पाप चिकटत नसेल, तर आजीचे कष्ट तरी कसे चिकटतील? मग मी नेमकं काय जपतोय?

तरीही एक गोष्ट कुणी ऐकून घेत नाही. निजाम शरण आला म्हणून हाली सिक्का त्या दिवशी संपला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया जोडीला आला, १९५१ मध्ये हाली काढणं थांबलं, आणि रद्द झाला तो थेट १९५९ साली. मुक्त झालेल्या माणसांनीही त्याच पैशात बाजार केला, लेकींची लग्नं लावली. त्यांना कुणी निजामाचं म्हणत नाही.

हे आजोबांना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी त्यांना पटलं असतं, असं मला वाटत नाही.