वरचे दोन थर

"सर, भिंत काढायला घेतलीय, पण वरच्या खोलीत दाराच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. येऊन बघता का?" संध्याकाळी फोनवर एक तरुण विचारत होता. मी म्हणालो, "काम आहे तिथेच थांबवा. वरच्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका. निघालोच."

घर जुनं, दुमजली. स्वयंपाकघर आणि हॉल एक करायचा म्हणून नवरा-बायको स्वतःच कामाला लागले होते. गिलावा नीट उतरवलेला, राडारोडा पोत्यांत भरलेला. मन लावून काम करणारी माणसं. उघड्या भिंतीत एका थरात विटांच्या लांब बाजू दिसत होत्या, त्यावरच्या थरात नुसती डोकी, म्हणजे आखूड बाजू. म्हणजे भिंत पूर्ण विटेची, ९ इंची. वर बीम नाही, स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला. वरच्या मजल्यावरही नेमकी त्याच रेषेत दुसरी भिंत. आणि स्लॅबखालचे दोन थर तीनेक फुटांत काढून झाले होते.

"आम्ही न विचारता नाही केलं, सर," ती म्हणाली. टाइल बसवणाऱ्याला विचारलं होतं, रंगाऱ्याला विचारलं होतं. शिवाय चुलतभावाने स्वतःच्या फ्लॅटमधली अशीच भिंत काढली होती. तिघेही म्हणाले, काढा, काही होत नाही.

भाऊ खोटं बोलला नव्हता. त्याची इमारत कॉलम-बीमची, भार सगळा त्यांच्यावर; तिथली ४.५ इंची भिंत म्हणजे नुसता आडोसा. उत्तर त्याच्या घरापुरतं बरोबर होतं. हे मी पुष्कळदा पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो. लोक सल्ला घेतात, पण "भिंत काढता येईल का?" एवढंच विचारतात. "या भिंतीवर काय टेकलंय?" असं विचारलं असतं, तर टाइलवालाच म्हणाला असता, हे माझं काम नाही, इंजिनिअरला दाखवा.

रात्रीच भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकू लावून घेतले, वर-खाली जाड फळ्या टाकून, म्हणजे भार एका बिंदूवर येऊ नये. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा करून तारीख घातली. सकाळी तडा खुणांच्या पुढे गेलेला नव्हता. मग गवंड्याने काढलेल्या विटा परत बसवल्या आणि स्लॅबखालची फट सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्याने ठासून भरली.

दोघं गप्प उभी होती. मोकळं स्वयंपाकघर हवंच असेल तर बीम घालून करता येईल, पण आधी मोजमाप, आकडेमोड आणि सहीचा नकाशा, हे मी त्यांना सांगितलं. तोवर फरशी, कपाटं, रंग त्यांनी खुशाल स्वतः करावेत, हात चांगला आहे.

"नळाची जागा बदलायची होती," ती म्हणाली. "त्यासाठी भिंतीत खाच मारावी लागेल. ही भिंत चालेल?"

मी खडू मागितला आणि ती खाच कुठून न्यायची, किती खोल मारायची, ते आखून दिलं.